तांबटआळीतली भस्त्रिका

डोंगराच्या पलीकडे, नदी दोनदा वळसा घेते तिथे, फार पूर्वी एक मठ होता. मठ म्हणजे चार दगडी खोल्या, पुढे शेणाने सारवलेलं अंगण आणि अंगणाच्या कडेला बेलाचं झाड. तिथे एक म्हातारे योगी राहत. लोक त्यांना नुसतं गुरुजी म्हणत. त्यांच्याकडे शिकवण्यासारखं एकच होतं: श्वास कसा घ्यावा आणि कसा सोडावा.

यात शिकवायचं काय, असं कुणालाही वाटेल. जन्मलेलं पोरसुद्धा कुणी न शिकवता श्वास घेतं. पण दूरदूरची माणसं डोंगर चढून त्या अंगणात येऊन बसत. कुणाला झोप नसे, कुणाचा राग आवरत नसे, कुणाचं अंग दिवसभर जड राही.

गुरुजी आल्यागेल्याला लगेच काही सांगत नसत. त्याला समोर बसवून घेत आणि स्वतः डोळे मिटून त्याच्या श्वासाकडे कान लावत. कधी कधी सकाळी बसलेला माणूस दुपारच्या जेवणापर्यंत तसाच बसून राही. मग ते बारीकसारीक विचारत. जेवण किती, झोप कशी, चढ चढताना काय होतं, बाळंतपणं किती झाली, घरात कुणाशी भांडण आहे का. हे सगळं कळल्यावर त्या माणसाला ते एकच प्रकार देत.

एका रागीट कुंभारणीला त्यांनी शीतली दिली. जिभेची नळी करून तिच्यातून गार हवा आत ओढायची आणि नाकाने सोडायची. बायको गेल्यापासून झोप हरवलेल्या एका म्हाताऱ्याला भ्रामरी दिली. ओठ मिटून, भुंग्यासारखा गुंजारव करत श्वास सोडायचा. तो म्हातारा पहिल्यांदा गुणगुणला आणि तिथेच अंगणात रडत बसला. मनाची सारखी ओढाताण होणाऱ्याला ते एका नाकपुडीने श्वास घेऊन दुसरीने सोडायला शिकवत. आणि सुस्तावलेल्या, बसून बसून अंग सुटलेल्या एखाद्या धडधाकट माणसाला भस्त्रिका देत. भस्त्रिका म्हणजे लोहाराच्या भात्यासारखा श्वास, जोराने आत आणि जोराने बाहेर. अंगात नुसती आग पेटते.

या मठात रेवण नावाचा एक शिष्य होता. लहानपणी कुणी नातेवाइकाने त्याला तिथे आणून सोडलं होतं. पोर हुशार. जे वर्षांत यायचं ते त्याला महिन्यांत आलं. त्याचा कुंभक, म्हणजे श्वास आत रोखून धरणं, पाहणाऱ्याला भीती वाटावी इतका लांब होता. आणि त्याची भस्त्रिका तर बघत राहावी. पाठ ताठ, चेहरा शांत, आणि पोट असं आत-बाहेर होई की समोरच्याचाही श्वास आपोआप जलद व्हावा.

त्याला एकाच गोष्टीचा कंटाळा होता. गुरुजी माणसासमोर डोळे मिटून बसले, की त्यालाही शेजारी बसावं लागे. बाहेर ऊन चढत जाई, आणि कुणातरी अनोळखी माणसाचा घरघरता श्वास ऐकत तो मनात म्हणे, "याला काय द्यायचं ते मला केव्हाच कळलंय."

एक दिवस त्याने गुरुजींना नमस्कार केला आणि म्हणाला, "गुरुजी, मला सगळे प्रकार आले. आता खाली जाऊन लोकांना शिकवीन म्हणतो."

गुरुजींनी त्याला समोर बसवून घेतलं. मग म्हणाले, "प्रकार आले तुला. माणसं अजून आली नाहीत. पण तू थांबणार नाहीस, तेव्हा जा. एवढंच कर. कुणालाही शिकवण्याआधी त्याला विचार, चढ चढताना तुला काय होतं. उत्तर नीट ऐक. आणि कुणी थांब म्हणालं, तर थांब."

"बरं," रेवण म्हणाला. गाठोडं त्याने आदल्या दिवशीच बांधलं होतं.

डोंगर उतरून, मैदान ओलांडून तो एका मोठ्या गावात पोचला. गावात तांबट फार. एक अख्खी आळीच त्यांची होती, आणि सकाळपासून तिथे तांब्याच्या पत्र्यांवर हातोडे पडत. हंडे, घागरी, पराती. आवाज इतका की आळीतली माणसं घरातही मोठ्यानेच बोलत. आळीच्या तोंडाशी वडाचा पार होता. रेवण त्या पारावर बसला.

सुरुवातीला त्याने गुरुजींनी सांगितल्याप्रमाणेच केलं. येईल त्याला विचारलं, ऐकलं, ज्याला जे हवं ते दिलं. एका बाळंतिणीला अगदी सावकाश श्वास दिला, एका म्हाताऱ्याला भ्रामरी दिली. त्यांना बरं वाटलं, पण ते कुणाला दिसलं नाही. शांत झोप लागलेला माणूस गावभर सांगत फिरत नाही.

मग एकदा त्याने काही तरण्या तांबटांना भस्त्रिका शिकवली. सगळ्यांचे श्वास एका तालात फुरफुरू लागले, अंगांवर घाम चमकू लागला, चेहरे लालबुंद झाले. रस्त्याने जाणारे येणारे थांबले. तरणे पोरगे उठले ते हसत, अंगात वारं भरल्यासारखे. दुसऱ्या दिवशी पारापाशी दुप्पट माणसं होती, आणि त्यानंतर तर पार पुरेना. लोक खाली रस्त्यावर बसू लागले.

एवढ्या माणसांना एकेक करून काय विचारणार? रेवणने विचारणं सोडलं. सगळ्यांना एकच क्रिया, एकच ताल. पुष्कळांना तिचा गुण आला हेही खरं. लोक त्याला महाराज म्हणू लागले. कुणी दूध आणून ठेवी, कुणी घोंगडी. पहिल्यांदा एका म्हाताऱ्याने वाकून पायाला हात लावला तेव्हा रेवणने पाय मागे घेतले होते. पुढे पुढे तो पाय मागे घेईनासा झाला.

त्याच आळीत केरोबा नावाचा तांबट होता. उंच, रुंद खांद्यांचा, थट्टेखोर. त्याची बायको अनसाबाई आणि लहानगी लेक वेणू, एवढंच घर. केरोबाचा हातोडा आळीत सगळ्यांत जड. पण त्या वर्षी तो हातोडा मधेच थांबू लागला होता. केरोबा पत्रा खाली ठेवी, भिंतीला टेकून बसे आणि म्हणे, "काही नाही, जरा दम खातो."

अनसाबाईच्या जिवाला घोर लागला. पारावरच्या महाराजांची कीर्ती तिच्याही कानावर होती. तिने नवऱ्याच्या मागे लकडा लावला आणि एका सकाळी त्याला घेऊन आली. वेणू तिचं बोट धरून होती.

नेमके त्याच दिवशी गावचे नगरशेट पारावर यायचे होते. त्यांच्यासाठी जाजम अंथरलं होतं. गर्दी रोजच्याहून जास्त, आणि रेवणच्या मनातही थोडी धाकधूक होती. अनसाबाई गर्दीतून वाट काढत पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "महाराज, यांच्याकडे जरा बघा. जिना चढले की यांच्या डोळ्यांपुढे अंधार येतो. छातीत कुणी मूठ आवळल्यासारखं होतं म्हणतात."

रेवणने ऐकलं. चढावर काय होतं याचं उत्तर त्याने न विचारता त्याच्यासमोर आलं होतं. या माणसाला भस्त्रिका चालणार नाही, हे त्याला त्याच क्षणी कळलं. त्याला बाजूला घ्यायला हवं होतं. सावलीत बसवून, सावकाश, बळ न लावता श्वास द्यायला हवा होता. पण तेवढ्यात नगरशेटांची पालखी आली. जाजमावर बसलेल्या माणसाला थांबवून ठेवून एका तांबटाचा श्वास ऐकत बसायचं? आणि लोक काय म्हणतील, की महाराजांची क्रिया सगळ्यांना लागू नाही?

"बसा सगळ्यांबरोबर," तो म्हणाला. "सगळं मोकळं होईल."

केरोबा हसत खाली बसला. शेजाऱ्याला म्हणाला, "जन्मभर भाता ओढला. आज महाराज माझाच भाता करतायत." आजूबाजूची माणसं हसली.

रेवणने ताल धरला. आधी सावकाश, मग जलद. नगरशेट कौतुकाने बघत होते, मान डोलवत होते. रेवणने ताल आणखी वाढवला. शेकडो नाकांतून एकदम वारा सुटला, वडाच्या पारंब्यांमधली पाखरं उडाली. त्या गर्दीत केरोबाचा चेहरा रेवणला स्पष्ट दिसत होता. आधी तो लाल झाला. मग राखेसारखा पडला. कपाळावर घामाचे मोठे थेंब आले, ओठ निळसर दिसू लागले. आणि केरोबाने उजवा हात वर केला. रेवणच्या डोळ्यांत बघून, थांबा, असं म्हणावं तसा.

रेवणने तो हात पाहिला. त्याने फक्त थांबायला हवं होतं. पण तो थांबला असता तर सगळा ताल मोडला असता, नगरशेटांसमोर. हे शेवटचं आवर्तन झालं की थांबू, असं त्याने मनाला सांगितलं.

ते आवर्तन पुरं व्हायच्या आत केरोबा एका कुशीवर कलंडला.

अनसाबाईने किंकाळी फोडली. लोकांनी पाणी मारलं, तळवे चोळले, कांदा नाकाला लावला. काही उपयोग झाला नाही. आळीतले हातोडे एकेक करून थांबत गेले, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तांबटआळी गप्प झाली.

नगरशेट उठून उभे राहिले. त्यांनी विचारलं, "महाराज, हे काय झालं?"

सगळ्या गर्दीचे डोळे रेवणकडे वळले. खरं सांगायला त्याला चार शब्द पुरले असते. ते शब्द त्याच्या जिभेवर आलेही. पण बाहेर पडलं ते भलतंच. तो अनसाबाईकडे वळला आणि म्हणाला, "सकाळी यांनी काही खाल्लं होतं का?"

अनसाबाई गोंधळून त्याच्याकडे बघत राहिली. "घोटभर दूध," ती म्हणाली. "आणि अर्धी भाकरी. उपाशी पोटी त्यांना चक्कर येते, म्हणून मीच बळेबळे भरवली."

"मग तेच," रेवण म्हणाला. "पोटात अन्न असताना ही क्रिया म्हणजे विष."

गर्दीतून एक उसासा निघाला. लोकांना कारण मिळालं. कुणीतरी हळहळत म्हणालं, "अगं बाई, काय केलंस हे!" अनसाबाईने स्वतःचा उजवा हात उलटा करून पाहिला, सुलटा करून पाहिला, आणि पदराखाली लपवला.

केरोबाला अग्नी दिला. काही दिवस पार ओस पडला, मग माणसं पुन्हा येऊ लागली. आता ती येताना कडक उपाशी येत. महाराजांचा नियम मोडला की काय होतं, ते गावाने डोळ्यांनी पाहिलं होतं. रेवणची कीर्ती कमी व्हायची ती वाढलीच.

तांबटाच्या घरात मात्र चूल पेटेनाशी झाली. केरोबाचा भाऊ शेजारीच राही. त्याची बायको दोन्ही वेळचं जेवण आणून ठेवी. एकदा जाताना ती म्हणाली, "तुझ्या हातचं आता कोण खाणार?" अनसाबाईला तिचा राग आला नाही. तिलाही तसंच वाटत होतं. वेणू भुकेली होऊन रडली तर ती ताट तिच्यापुढे सरकवी, पण घास करून देत नसे. त्या पोरीच्या अन्नाला आपला हात लागला तर तिचंही काही होईल, ही भीती तिच्या मनात घर करून बसली होती. वेणू आपल्या हाताने जेवायला शिकली. वेणी घालायला शिकली. आई आपल्याला जवळ का घेत नाही, हे मात्र तिला कुणी सांगितलं नाही.

काही महिन्यांनी अनसाबाई पारावर आली. ती इतकी वाळली होती की रेवणने तिला आधी ओळखलंच नाही. तिने त्याच्या पायांवर डोकं ठेवलं.

"महाराज, मला प्रायश्चित्त सांगा. काय केलं म्हणजे माझं पाप फिटेल?"

"देवाचं नाव घ्या, बाई," रेवण घाईघाईने म्हणाला.

ती उठली नाही. "एकच विचारते. त्यांनी हात वर केला होता. मी पाहिला. तेव्हा ती भाकरीच अडकली होती का छातीत? मी भरवलेली?"

खरं सांगायची संधी रेवणला पुन्हा एकदा मिळाली होती. आजूबाजूला फार माणसंही नव्हती. त्याने डोळे मिटले आणि म्हणाला, "हो."

अनसाबाईने पुन्हा नमस्कार केला आणि ती गेली.

त्यानंतर रेवणचा श्वास बिघडला. शिकवायला बसला की मधेच अडके. त्याने आपल्याला येणारे सगळे प्रकार करून पाहिले. मन निवावं म्हणून शीतली केली, तर तोंड कोरडं पडलं. झोप यावी म्हणून भ्रामरी केली, तर त्या गुणगुण्यात त्याला गर्दीचा उसासा ऐकू येई. नाकपुड्या बदलून श्वास घेताना बोट नाकाशी नेलं की वर उचललेला हात दिसे. सगळं येत होतं त्याला, आणि त्यातलं काहीच उपयोगी पडत नव्हतं. वर्षं गेली. शेवटी एक दिवस तो कुणाला न सांगता निघाला आणि डोंगर चढून मठात आला. चढावर त्याला धाप लागत होती.

गुरुजी अंथरुणाला खिळले होते. श्वास इतका हलका की छातीवरचं पांघरूण हलतंय की नाही ते निरखून बघावं लागे. रेवण त्यांच्या उशाशी बसला आणि त्याने सगळं सांगितलं. केरोबा, हात, भाकरी, आणि नंतरचा तो "हो". सांगताना तो रडला. गुरुजी आपल्याला रागावतील, मग शांत करतील, डोक्यावर हात ठेवतील, असं त्याला वाटत होतं.

गुरुजींनी डोळे उघडले. "हे मला का सांगतोस?" ते म्हणाले. "तो माझा कुणी नव्हता. त्या बाईचं ओझं माझ्या डोक्यावर नाही."

"मला प्रायश्चित्त सांगा, गुरुजी."

"तिने मागितलं तेव्हा तू काय दिलंस?"

गुरुजींना बोलायला श्रम पडत होते. थोडं थांबून ते म्हणाले, "जा तिच्याकडे. आज जा."

"तुम्हाला या अवस्थेत सोडून? तुमचे थोडेच..."

"माझं जे व्हायचं ते तुझ्यावाचून होईल. तिचं नाही होणार. ऊठ."

रेवण उठला. गुरुजी गेल्याची बातमी त्याला वाटेतच, मैदानातल्या एका धर्मशाळेत कळली. तो मागे फिरला नाही.

तांबटआळीत पोचला तेव्हा दुपार होती. केरोबाच्या दारात एक मोठी झालेली, गंभीर चेहऱ्याची मुलगी तांदूळ निवडत बसली होती. ती वेणू. त्याला बघून ती उभी राहिली.

"आई उठत नाही," ती म्हणाली. "तुम्हाला काय हवंय?"

"तिला काही सांगायचंय. तूही ऐक."

अनसाबाई चटईवर पडून होती. रेवणला बघताच ती उठून नमस्कार करायला धडपडू लागली. त्याने तिला थांबवलं आणि जमिनीवर बसून स्वतःच तिच्यापुढे डोकं टेकलं.

"अनसाबाई, भाकरीने काही झालं नाही," तो म्हणाला. "तुम्ही दुखणं सांगितलंत तेव्हाच मला कळलं होतं, की यांना हे झेपणार नाही. तरी मी बसवलं. त्यांनी हात वर केला तो मला थांबवायला. मी तो पाहिला होता. नगरशेटांपुढे ताल मोडेल म्हणून मी थांबलो नाही. आणि मग तुमच्यावर ढकललं. दोनदा."

बाहेर हातोडे वाजत होते.

"म्हणजे माझ्या हाताने काही झालं नाही?" अनसाबाईने विचारलं.

"नाही."

"काहीच नाही?"

"काहीच नाही, बाई."

तिला राग येईल, ती शिव्या देईल, थोबाडीत मारेल, याची रेवण वाट बघत होता. ती बोलली ती त्याच्याकडे न बघता. "तेव्हाच सांगितलं असतंत, तर मी त्यांच्यासाठी रडले असते. इतकी वर्षं मी नुसती स्वतःला शिव्याशाप देत राहिले. त्यांच्यासाठी रडायचं राहूनच गेलं."

मग ती रडली. नवरा आजच गेल्यासारखी, त्याचं नाव घेऊन, त्याच्या थट्टा आठवून, तो हातोडा कसा धरायचा ते सांगून सांगून रडली. वेणू बावरून जवळ आली, तेव्हा अनसाबाईने तिला पोटाशी ओढून घेतलं. किती वर्षांनी! पण त्या हातांत आता पोरीला घट्ट धरण्याइतकं बळही उरलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बाजार होता. रेवण पारावर चढला. महाराज परत आले म्हणून मोठी गर्दी लोटली. थकलेले नगरशेटही काठी टेकत आले. रेवणने उभ्यानेच सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, आवाज खाली केला नाही.

मग नगरशेटांनी डोळे पुसले. "महाराज, धन्य आहात," ते म्हणाले. "त्या गरीब बाईचं पाप आपण आपल्या माथ्यावर घेताय. असं मन कुणाचं असतं?"

"नाही! मी खरं सांगतोय," रेवण ओरडला. "पाप माझंच आहे."

तो जितका ओरडे, तितके लोक गहिवरत. एका म्हातारीने पायांवर लोळण घेतली. कुणीतरी धावत जाऊन झेंडूची माळ घेऊन आलं. रेवणने माळ तोडून फेकली, तर तिची फुलं लोकांनी प्रसाद म्हणून उचलली.

अनसाबाई त्यानंतर फार जगली नाही. शरीर आधीच संपलेलं होतं. तिला नेताना रस्त्याच्या कडेला उभ्या बायका कुजबुजल्या, "त्या भाकरीच्या पापाने खाल्लं बिचारीला." वेणूने ते ऐकलं. ती थेट पारावर गेली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "माझ्या आईने काही केलं नव्हतं. महाराज सांगतायत ते खरं आहे." लोक तिच्याकडे दयेने बघत राहिले. पोटची पोर आहे, ती असंच म्हणणार, असं म्हणून पांगले.

रेवणने गाव सोडलं नाही. दर बाजाराला तो पाराखाली उभा राही आणि तीच हकिकत सांगे. शिकवणं त्याने कायमचं सोडलं. हळूहळू लोकांना त्याचा कंटाळा आला. महाराजांच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं म्हणू लागले. परगावचा एखादा वाटसरू थांबून ऐके आणि ऐकता ऐकता त्याचा चेहरा बदले. त्याला खरं वाटलेलं असे. पण तो संध्याकाळी आपल्या गावी निघून जाई, आणि अनसाबाईचं नाव तांबटआळीत तसंच राही. वेणू कधीमधी वाटी भरून आमटी त्याच्यापुढे ठेवी. ती त्याच्याशी बोलत नसे. त्याने एकदा तिला हात जोडून सांगितलं, "मी मेलो की माझ्या पाया कुणाला पडू देऊ नकोस." ती होकाराची मान डोलावून गेली. पुढे तिचं लग्न होऊन ती दुसऱ्या गावी नांदायला गेली.

रेवण पाराखालीच मेला. गावाने वर्गणी काढून त्याची दगडी समाधी बांधली. कुणी विचारलं की गावकरी अभिमानाने सांगत, "एका बाईने नवऱ्याला मारलं, ते पाप या महाराजांनी आपल्या माथी घेतलं. असा माणूस पुन्हा होणे नाही."

पुष्कळ वर्षांनी वेणू आपल्या लेकीला घेऊन माहेरच्या वाटेने आली. समाधीवर फुलं होती, दिवा होता, बायका वाकून नमस्कार करत होत्या. वेणू थोडा वेळ उभी राहिली आणि चालू लागली.

लेक म्हणाली, "आई, आपण पाया नाही पडायचं?"

"नाही," वेणू म्हणाली. "त्यानेच नको म्हणून सांगितलं होतं. चल, तुला तुझ्या आजीची गोष्ट सांगते."

तात्पर्य इतकंच, की खोटं एका श्वासात बोलून होतं, पण ते मागे घ्यायला कधी कधी सगळे उरलेले श्वासही पुरत नाहीत. म्हणून चूक झाली त्याच क्षणी ती आपली म्हणावी. दुसऱ्याच्या पदरात टाकलेली चूक पुढे आपल्या हाताने परत घेता येईलच, असं नाही.